पत्रकं नंतर छापा, आधी यादी उघडा

अँटॉप हिलच्या एका चाळ कमिटीतल्या तरुणाने विचारलं आहे: "आमच्याकडे तमिळ, तेलुगू, उर्दू, भोजपुरी आणि मराठी बोलणारी घरं आहेत. बरेच जण पहिल्यांदा मत देणार आहेत. मतदान कसं करायचं याची पाच भाषांत पत्रकं काढायचं चाललंय. त्यात काय लिहू? ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासोबत आम्ही आत जाऊ शकतो का? आणि माझी बहीण सतरा वर्षांची आहे, तिचं आत्ता काही करता येईल का?"

पत्रकाचे पैसे सध्या बाजूला ठेवा. मी पालिकेच्या शाळेत शिक्षिका होते, आणि मुंबईत शिक्षकाच्या वाट्याला निवडणुकीची ड्युटी येतेच. बीएलओ, म्हणजे केंद्राच्या मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी, म्हणून दारोदार फिरणं झालं, मतदानाच्या दिवशी टेबलामागे बसणंही झालं. दोन्हीकडून एकच दिसतं: मत देताना भाषा जवळपास लागतच नाही. बटण दाबायचं, दिवा बघायचा, आवाज ऐकायचा. भाषा आडवी येते ती त्याच्या कितीतरी आधी. यादीत नाव कसं छापलंय, आपली खोली कुठली, टेबलावरचा माणूस ते नाव कसं उच्चारतो, इथे. लोक परत फिरतात ते इथूनच. मशीनपर्यंत पोचलेला माणूस मत न देता बाहेर आलाय, असं क्वचितच घडतं. तुमची सगळी मेहनत मशीन समजावण्यात गेली आणि यादी राहिली, तर पाच भाषांतली पत्रकं हातात घेऊन लोक फाटकावरून घरी येतील.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे "माझ्याकडे कार्ड आहे." कार्ड असणं आणि यादीत नाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ड वीस वर्षांपूर्वीचं असेल, नाव मधेच 'स्थलांतरित' म्हणून गेलेलं असेल. मुंबईत हे जास्त होतं, कारण इथे माणसं जागेवर राहत नाहीत. चाळ पुनर्विकासाला गेली, कुटुंब संक्रमण शिबिरात गेलं, भाड्याची खोली अकरा महिन्यांनी बदलली. बीएलओ जुन्या पत्त्यावर जातो, तिथे पत्रे ठोकलेले असतात. उलटही होतं: नाव जुन्याच पत्त्यावर शाबूत असतं, पण केंद्र तिकडे, माणूस इकडे. म्हणून प्रत्येक घरात पहिला प्रश्न "कार्ड आहे का" असा विचारू नका. कार्डावरचा नंबर मागून घ्या आणि आयोगाच्या मतदार पोर्टलवर नाहीतर ॲपवर तिथल्या तिथे तो टाकून बघा.

नंबरच टाका, नाव नको. नावाने शोधायला गेलात की तुमच्या चाळीत अर्धा दिवस जाईल. तमिळ घरांत बहुधा आडनावच नसतं. वडिलांच्या नाहीतर नवऱ्याच्या नावाचं आद्याक्षर पुढे लागतं. अर्जात आडनावाचा रकाना दिसला की भरणारा काहीतरी भरून टाकतो. मग तीच बाई एका कागदावर एम. सेल्वी, दुसऱ्यावर सेल्वी मुरुगन आणि यादीत मुरुगन सेल्वी होते. तेलुगू घरांत आडनाव आधी येतं आणि पुष्कळदा एका अक्षरावर आटपतं. उर्दू बोलणाऱ्यांकडे शेख की शैख, मोहम्मद की मुहम्मद, आणि बानो, खातून, बेगम यांना यादीने आडनाव करून टाकलेलं. उत्तरेकडच्या बायकांचं लग्नाआधी कुमारी असतं, नंतर देवी होतं. आणि मराठी माणसाने यावर हसू नये. आपल्याकडे लग्नानंतर आडनावासोबत कित्येकदा पहिलं नावसुद्धा बदलतं, आणि आधार माहेरचं, मतदार कार्ड सासरचं असा संसार चालू असतो. हा घोळ आजचा नाही. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तरेतल्या अनेक बायकांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं होतं. तशी सुमारे 28 लाख नावं शेवटी यादीतून काढावी लागली.

आता दिलाशाची गोष्ट. शुद्धलेखनाच्या, छपाईच्या किरकोळ चुकीवरून कुणाचं मत अडवायचं नाही, असे आयोगाचे स्पष्ट निर्देश आहेत. ओळख पटली की झालं. सेल्वीची शेल्वी झाली म्हणून मत जात नाही. दुसऱ्या मतदारसंघातून दिलेलं जुनं मतदार कार्डही चालतं, फक्त नाव या केंद्राच्या यादीत हवं. कार्डावरचा फोटो ओळखू येत नसेल तर मात्र दुसरं ओळखपत्र दाखवावं लागतं. चूक दुरुस्त करायची असेल तर फॉर्म 8 आहेच, पण ते काम मतदानाच्या आदल्या आठवड्यात काढू नका. लोकांना वाटतं, दुरुस्ती झाली नाही म्हणजे मत नाही, आणि ते घरीच बसतात. हा गैरसमज पसरायला वेळ लागत नाही. कमिटीतला एक उत्साही माणूस पुरतो.

यादीत नाव सापडलं की तीन गोष्टी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या: यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि केंद्राचा पत्ता, खोलीसकट. हेच तुमचं खरं पत्रक. यात अनुवाद करण्यासारखं काही नाही, आकडे सगळ्यांना वाचता येतात (इंग्रजी आकड्यांत लिहा, देवनागरी आकडे तमिळ घरात अडतात). खोलीसकट का, तर मुंबईत एकाच शाळेत पाच-सात केंद्रं असतात, आणि मैदानावरच्या मंडपातही तेच. माणूस तासभर रांगेत उभा राहतो, टेबलाशी येतो आणि कळतं की त्याचा भाग जिन्याच्या पलीकडच्या खोलीत आहे. पुन्हा पहिल्यापासून रांग. कामावरून दोन तासांची सवलत घेऊन आलेली बाई दुसऱ्या रांगेला थांबत नाही. एकाच घरातल्या माणसांची केंद्रंही वेगळी असू शकतात, तेव्हा "नवऱ्याची खोली तीच माझी" असं कुणी धरून चालू नये.

कामाचा विषय निघालाय तर हेही सांगा: मतदानाच्या दिवशी पगारी सुटीचा हक्क लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135ब मध्ये आहे आणि रोजंदारीवरच्या माणसालाही तो लागू आहे. सिक्युरिटीवाले, गाळ्यांतले कारागीर यांना हे कुणी सांगत नाही.

तुमच्या वस्तीतला सगळ्यात नाजूक प्रश्न वेगळाच आहे: मत गावाला की मुंबईत? आझमगढ, तिरुनेलवेली किंवा रत्नागिरी, प्रश्न तोच. कोकणातला चाकरमानी हा प्रश्न पिढ्यानपिढ्या टाळत आलाय, तर बाकीच्यांना काय बोलायचं. कायदा साधा आहे. माणूस सर्वसाधारणपणे जिथे राहतो तिथे त्याचं नाव असावं, आणि एका वेळी एकाच मतदारसंघात असावं. दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदा आहे, आणि अर्जात जाणूनबुजून खोटं लिहून दिलं तर वर्षभरापर्यंत कैदेची तरतूद आहे. घाबरवण्यासाठी हे सांगू नका. गावचं नाव असताना मुंबईत नव्या नोंदणीचा फॉर्म 6 भरायचा नसतो, फॉर्म 8 भरून स्थलांतर करायचं असतं. मग जुनं नाव वेगळा अर्ज न करता निघतं, हे समजावा. आणि एखाद्याला गावचंच मत ठेवायचं असेल, जमिनीचे, भावकीचे व्यवहार तिकडे असतील, तर त्याला खेचू नका. तो त्याचा निर्णय. तुमच्याकडे किती फॉर्म भरले गेले याची बढाई मारण्यासाठी कुणाचं गावचं नाव काढून टाकणं हे काम नव्हे.

"भाड्याच्या खोलीत राहतो, पुरावा काय देऊ?" नोंदणीकृत भाडेकरार चालतो, विजेचं बिल चालतं. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला संस्थेच्या दाखल्यावर तिथल्या पत्त्यावर नोंदणी करता येते. आणि फूटपाथवर राहणाऱ्याला तर पत्त्याचा कागदी पुरावा मागायचाच नसतो. बीएलओने रात्री त्या जागेवर जाऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का हे बघायचं असतं. पुलाखालच्या कुटुंबांना हे सांगितलं तर आधी कुणाचा विश्वास बसत नाही.

आणखी एक गुंता फक्त यादीचा. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो, महापालिका राज्य निवडणूक आयोग. महापालिकेसाठी वेगळी नोंदणी नसते. विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेची घेऊन ती प्रभागांत फोडतात. 15 जानेवारी 2026 च्या मुंबई महापालिका निवडणुकीला 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. ऑगस्टमध्ये हौसेने नाव नोंदवलेल्या पोरांना जानेवारीत मत नव्हतं, आणि ती बीएलओवर चिडली. त्याआधीची पालिका निवडणूक फेब्रुवारी 2017 ची, म्हणजे मार्च 2017 मध्ये अठरा पूर्ण केलेल्या मुलाला पालिकेसाठी पहिलं मत देताना सव्वीस वर्षं झाली होती. 'नवमतदार' म्हटलं की कॉलेजच्या गेटवर उभं राहायचं ही सवय म्हणूनच सोडा. तुमच्या चाळीतला नवमतदार कडेवर मूल घेतलेला असू शकतो. चाळिशीची बाईही असू शकते, जिने आजवर नाव कधी नोंदवलंच नाही.

आता केंद्राच्या आतलं. पहिल्या टेबलावरचा अधिकारी यादीत नाव बघतो, ओळखपत्र बघतो आणि अनुक्रमांक व नाव मोठ्याने वाचतो, म्हणजे बाजूला बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना आपापल्या यादीत खूण करता येते. इथे काय होतं ते बघा. अधिकारी मराठी, यादी देवनागरीत, नाव तमिळ. तो वाचतो "शेलवी मुरगन". समोरच्या बाईला हे आपलं नाव आहे हे कळतच नाही. ती गप्प. अधिकारी पुन्हा वाचतो, आवाज चढवतो, कारण मागे रांग आहे. बाई घाबरते. एखादा प्रतिनिधी म्हणतो, "ही ती नव्हे बहुतेक." मिनिटभरात साध्या उच्चाराचा संशय होतो. या बाईच्या हातात अनुक्रमांक लिहिलेला कागद असता तर तिने बोट ठेवलं असतं आणि विषय संपला असता. तुमच्या लोकांना शिकवा: नाव ओळखीचं वाटलं नाही तरी आकडा ऐका, कागद पुढे करा, आणि अडलं तर एकच वाक्य म्हणा, "केंद्राध्यक्षांना बोलवा." हे वाक्य मराठीतच पाठ करून घ्या. मुंबईत सगळ्यांना हिंदी कळते, पण या वाक्याला मराठीत वेगळं वजन येतं, हे मी टेबलामागून पाहिलंय.

दुसऱ्या टेबलावर नोंदवहीत अनुक्रमांक लिहितात, सही किंवा अंगठा घेतात, डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतात आणि चिठ्ठी देतात. अंगठा द्यायला लाजणाऱ्या बायका असतात. तिथे मुलगा-सून मागे उभी असते. आधीच सांगा की अंगठ्यात कमीपणा नाही. सहीचा सराव करून घ्यायला वेळ असेल तर आनंदच, पण ती पुढच्या निवडणुकीची गोष्ट. तिसरा अधिकारी चिठ्ठी घेतो, बोटावरची शाई बघतो आणि त्याच्याकडच्या यंत्राचं बटण दाबतो. मगच आतलं मतदान यंत्र चालू होतं आणि त्यावर हिरवा दिवा लागतो. घाईत थेट आत जाऊन बटण दाबत बसणारे असतात. काही होत नाही म्हणून "मशीन खराब" अशी बोंब होते. आधी हिरवा दिवा, मग बटण.

बटण निळं असतं, चिन्हाच्या शेजारी. पहिल्यांदा आलेला माणूस चिन्हाच्या चित्रावर बोट दाबतो, फोनची सवय. दाबलं की लाल दिवा लागतो, शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेमागे अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग कापून आत पडते, आणि लांब बीप वाजतो. ती चिठ्ठी हातात मिळत नाही. तिची वाट बघत आत उभे राहिलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. बँकेच्या मशीनने लावलेली सवय. महापालिकेच्या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नसतो, तिथे लाल दिवा आणि बीप यावरच समाधान मानायचं. आणि तुमच्या चाळीतल्या कुणाचे नातेवाईक ठाण्यात किंवा नवी मुंबईत असतील तर गोंधळ आणखी वाढतो. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक, तिकडे एका प्रभागात अनेक जागा, म्हणजे प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण. ठाण्याच्या भावोजींनी फोनवर सांगितलेली रीत मुंबईच्या केंद्रात वापरू नका, एवढं बजावा.

लोकसभा-विधानसभेच्या मतपत्रिकेवर मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी येतात, मग नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम लागतो. आपल्याकडे तो मराठी वर्णमालेचा. ज्याच्या डोक्यात इंग्रजी एबीसीडी किंवा उर्दूचं अलिफ-बे आहे, त्याला हा क्रम लागतच नाही. म्हणून नावाचा शोध घ्यायला शिकवू नका. उमेदवारांची यादी केंद्राबाहेर लावलेली असते, तिथे थांबून आपल्या पसंतीचा क्रमांक, फोटो आणि चिन्ह डोक्यात पक्कं करायचं, मग आत जायचं. चिन्ह अर्धवट ओळखू नका. 2024 च्या लोकसभेत 'तुतारी वाजवणारा माणूस' हे एका पक्षाचं चिन्ह होतं आणि काही अपक्षांना नुसती 'तुतारी' मिळाली होती. वाद आयोगापर्यंत गेला. त्यात गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात पक्ष फुटले, जुनी चिन्हं एकाकडे राहिली, दुसऱ्याला नवी मिळाली. म्हातारी माणसं विचारणारच, "आता धनुष्यबाण कुणाचा? घड्याळ कुणाचं?" तुम्ही उमेदवारांची पूर्ण यादी समोर ठेवा आणि वरपासून खालपर्यंत सगळी वाचून दाखवा, शेवटच्या 'नोटा'सकट. एकच ओळ वाचलीत तर तो प्रचार झाला.

आता तुमचा दुसरा प्रश्न. वाचता येत नाही किंवा मराठी येत नाही या कारणावरून कुणालाही मतदान कक्षात सोबती नेता येत नाही. निवडणूक नियमांतला नियम 49न अंध मतदारांसाठी आणि शारीरिक असमर्थतेमुळे चिन्ह ओळखता किंवा बटण दाबता न येणाऱ्यांसाठी आहे. सोबती अठरा वर्षांवरचा हवा, एका सोबत्याला एका दिवशी एकाच मतदारासाठी जाता येतं, आणि मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यावं लागतं. तुमच्या आजींना डोळ्यांनी दिसत असेल, बोट चालत असेल, तर त्या एकट्याच आत जाणार. कुणी दयाळू अधिकारी सोडेल या भरवशावर राहू नका, आणि सोडावं असा आग्रहही धरू नका. सूनबाई, मुलगा, शेजारचा कार्यकर्ता, सगळेच 'मदतीला' आत आले तर मत कुणाचं झालं? अंध मतदारांनाही सोबत्याशिवाय मत देता यावं म्हणून यंत्रावर ब्रेलमध्ये आकडे असतात. मागितली तर ब्रेल मतपत्रिकाही मिळते, ती वाचून बटण स्वतः दाबता येतं. 85 वर्षांवरचे आणि 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेले मतदार लोकसभा-विधानसभेला घरूनही मत देऊ शकतात, पण त्यासाठी 12ड हा अर्ज निवडणूक जाहीर झाल्यावर लगेच, बीएलओमार्फत द्यावा लागतो. मतदानाच्या आदल्या दिवशी विचारून उपयोग नाही.

आजी एकट्या आत जाणार, तेव्हा सराव बाहेरच व्हायला हवा, आणि तोही हाताने. बुटाचा खोका घ्या, त्यावर ओळी आखा, प्रत्येक ओळीत चित्र आणि शेजारी निळं टिकलीएवढं बटण चिकटवा. खऱ्या उमेदवारांची नावं, पक्षांची चिन्हं चुकूनही नकोत. पण साध्या वस्तू काढायला गेलात तर पंचाईत होते. आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीत गॅस सिलिंडर, प्रेशर कुकर, शिट्टी, सफरचंद, बॅट असं सगळं घरातलं सामान आहे. मी खाण्याचे पदार्थ वापरते: कांदेपोहे, इडली, ढोकळा, लिट्टी-चोखा, शीरखुर्मा, आणि शेवटी 'यापैकी काही नको.' निवडलेल्या पदार्थांपैकी काही चिन्हांच्या यादीत नाही ना, तेवढं आधी बघून घ्या. मग चाळीच्या गॅलरीत पुठ्ठ्याच्या आडोशामागे एकेकाला पाठवायचं. पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी ओरडतंच, "अम्मा, इडली दबाओ!" तिथेच थांबवायचं. गुप्त मतदान म्हणजे काय, हे त्या एका क्षणात सगळ्यांना एकदम कळतं, आणि हशा पिकलेला असल्यामुळे कुणाला उपदेश वाटत नाही. पुढच्या वेळी अम्मा पुठ्ठ्याआड जाते, बाहेर येते, आणि पोरांनी कितीही विचारलं तरी सांगत नाही. कायद्यानेही तिला कुणाला सांगावं लागत नाही. कोर्टातसुद्धा मत कुणाला दिलं हे सांगायला कुणावर सक्ती करता येत नाही.

शिकवणारा माणूस त्या भाषेचा हवा. तुम्हाला लांब जायला नको. पालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या आहेत. तिथे शिकून गेलेली मुलं तुमच्याच जिन्यावर बसलेली असतात. त्यांना हाताशी धरा. सरकारी शब्दांचे अनुवाद मात्र करू देऊ नका. शाई, चिठ्ठी, बटण, बीप, केंद्राध्यक्ष हे शब्द जसेच्या तसे ठेवा, कारण केंद्रात कानावर तेच पडणार आहेत. बाकी सगळं आपल्या भाषेत.

काही भीती बोलून दाखवल्या जात नाहीत, त्या तुम्हीच काढा. "सही घेतात, म्हणजे कुणाला दिलं ते कळतं." नाही. नोंदवहीत तुमचा अनुक्रमांक आणि सही असते, कुणाला मत दिलं ते नसतं. यंत्रात मत असतं, तुमचं नाव नसतं. "माझ्या नावावर आधीच कुणी देऊन गेलं तर?" घरी जायचं नाही. केंद्राध्यक्ष ओळखीची खात्री करून कागदी मतपत्रिका देतात आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. हेही खरं सांगा की ते मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, वाद कोर्टात गेला तर उघडतात. तरीही ते द्यायला सांगा, म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्याने मत दिल्याची नोंद होते. "सहा वाजले, रांग मोठी आहे." वेळ संपायच्या आत जो रांगेत उभा आहे त्याला मत देता येतं, रांगेच्या शेवटापासून चिठ्ठ्या वाटत येतात. लोकसभा-विधानसभेला 2024 मध्ये मुंबईत वेळ सकाळी 7 ते संध्याकाळी 6 होती, पालिकेला जानेवारी 2026 मध्ये 7.30 ते 5.30. अर्ध्या तासाच्या या फरकाने कामावरून येणारे चुकतात.

तरुणांचा मुद्दा फोनचा. सगळं डिजिलॉकरमध्ये आहे म्हणून हात हलवत येतात, आणि केंद्रात फोन चालत नाही. मूळ कागद खिशात हवा. मतदार कार्ड नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं पासबुक यांतलं काहीही चालतं. घरी आलेली मतदार माहिती चिठ्ठी ओळखपत्र म्हणून 2019 पासून चालत नाही, ती फक्त केंद्र शोधायला. आणि पक्षाच्या टेबलावरून मिळालेली, चिन्ह छापलेली चिठ्ठी आत नेऊ नका.

तुमच्या कमिटीबद्दल एक स्पष्टच बोलते. सरावासाठी हॉल, चहा, बॅनर द्यायला कुणीतरी इच्छुक उमेदवार येईलच. नाही म्हणा. चहा स्वतःच्या वर्गणीतून करा, जागा शाळेत नाहीतर गॅलरीत. मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांना न्यायला उमेदवाराची रिक्षा आली तर तीही नको. उमेदवाराने मतदारांना फुकट वाहनाने नेणं हा कायद्याने भ्रष्ट प्रकार आहे. एकदा तुमच्यावर एखाद्या पक्षाचा शिक्का बसला की वस्तीतल्या अर्ध्या दारांवर तुम्हाला कडी लावलेली दिसेल.

राहिली बहीण. सतरा पूर्ण असतील तर तिने आजच फॉर्म 6 भरावा. पूर्वी फक्त 1 जानेवारीला अठरा पूर्ण हवी असायची आणि एखाद्या आठवड्याने वर्ष जायचं. 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. अर्ज आगाऊ घेतात आणि अठरा पूर्ण झाल्यावर येणाऱ्या तारखेला नाव यादीत जातं. फोटो साध्या पार्श्वभूमीचा द्या. नाव मात्र दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे तसंच भरा, आणि मराठीतलं नाव संगणकाने आपोआप बनवलेलं असतं, ते सबमिट करण्याआधी तिला स्वतःला मोठ्याने वाचायला लावा. अर्जाचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा, आठ-दहा दिवसांनी पोर्टलवर स्थिती बघा. बीएलओ घरी येईल तेव्हा दाराला कुलूप असलं तर अर्ज तिथेच रखडू शकतो, म्हणून शेजारच्या काकूंना सांगून ठेवा. काही अडलं तर 1950 ला फोन लावा.